दादा स्किझोअफेक्टिव्ह, आता हिपॅटायटिस सी पण निघालाय. "गोळ्या पाळणार नाही" म्हणून कुणी सुरूच करत नाही

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री १०:४२

बरीच वर्षं इथे नुसती वाचते. पहिलाच धागा काढतेय, तोही असल्या विषयावर. आयडी मुद्दाम नवा घेतलाय, समजून घ्या.

माझा दादा ४७ वर्षांचा. पंचविशीत आजार सुरू झाला. आधी स्किझोफ्रेनिया म्हणाले, मग स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे त्याच्या जोडीला मूडचेही चढउतार. गेली सहा-सात वर्षं बरा आहे. म्हणजे आमच्या हिशोबाने बरा: पहाटे उठतो, देवाला फुलं आणतो, आईशी वाद घालतो, संध्याकाळी रेडिओ लावून बसतो. रात्री ओलॅन्झापिन आणि दोन वेळा कार्बामाझेपिन, दोन्ही मानसोपचाराच्या. गोळ्या आई देते, तो घेतो.

२०११ साली तो घरातून निघून गेला होता. चौदा महिन्यांनी सोलापूर स्टेशनवर सापडला. मधल्या काळात कुठे होता, काय खाल्लं, कुणी काय केलं, यावर आजतागायत एक अक्षर नाही. परत आला तेव्हा उजव्या मनगटावर गोंदण होतं, एवढंच.

गेल्या महिन्यात दाढ काढायची म्हणून रक्त तपासलं. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. दाढ राहिली बाजूला. पोटविकाराच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानसोपचाराची फाइल चाळली आणि म्हणाले, "तीन महिने रोज गोळी घ्यावी लागते. हे घेणार आहेत का? लिव्हर अजून चांगलं आहे, राहू द्या." दादा समोरच बसला होता. दादाचे नेहमीचे मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले, "लिव्हरचं आम्ही बघत नाही."

घरी आईने त्याचं ताट-वाटी वेगळं काढलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर जेवायला बसायला लागला.

आधी कुणाकडे जायचं, एवढंच सांगा कुणीतरी.

थॅलेसेमियाचा_बाबा | ११ जून, रात्री ११:२०

ताई, उद्या सकाळी पहिलं काम, ताट परत जागेवर. सी रक्तातून जातो. ताटातून, कपातून, मिठीतून, एका संडासातून जात नाही. वेगळं काय ठेवायचं तर दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर. ते तर एरवीही वेगळंच असायला हवं.

माझ्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. त्यातूनच कधीतरी सी आला. चौदाव्या वर्षी इंटरफेरॉन, सीवरचं जुनं औषध, सुरू केलं होतं. आठवड्याला एक इंजेक्शन, मग दोन दिवस ताप, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शाळेत पहिला येणारा मुलगा "बाबा, मला जगायचं नाही" म्हणाला तेव्हा आम्ही ते बंद केलं. २०१५ मध्ये सोफोसबुविर ही सीवरची नवी गोळी भारतात बनू लागली, पुढच्या वर्षी त्याने ८४ दिवस गोळ्या घेतल्या. कॉलेज एक दिवस बुडलं नाही.

तुमच्या त्या डॉक्टरांच्या डोक्यात बहुतेक इंटरफेरॉनचा काळ अडकलाय. तेव्हा मानसिक आजाराच्या पेशंटना टाळायचे, कारण त्या औषधानेच नैराश्य यायचं. औषध गेलं, टाळायची सवय राहिली.

स्पष्टवक्ता | १२ जून, सकाळी ७:०५

कुणाला राग आला तर येवो. ज्या माणसाला आपण कुठे होतो ते सांगता येत नाही, त्याच्यावर महागडी औषधं वाया घालवण्यात काय अर्थ आहे? आणि घरात म्हातारी आई. मेंटल हॉस्पिटलला ठेवा, तिथे काय ते बघतील.

कृष्णाकाठ | १२ जून, सकाळी ७:३१

सांगता येत नाही असं नाही. सांगत नाही. फरक आहे.

मनकवडा | १२ जून, दुपारी २:१५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत. ओपीडी उरकून लिहितोय, थोडं विस्कळीत होईल.

एक. तुमच्याकडे जो रिपोर्ट आहे तो बहुधा अँटीबॉडीचा आहे. त्याचा अर्थ विषाणू कधीतरी शरीरात आला होता. शंभरातल्या साधारण पंधरा ते पंचेचाळीस जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो, अँटीबॉडी मात्र राहते. आत्ता विषाणू आहे का ते 'एचसीव्ही आरएनए' म्हणजे व्हायरल लोड केल्यावर कळतं. ते न करता "राहू द्या" म्हणणं आणि ते न करता औषध सुरू करणं, दोन्ही चूक.

दोन. २८ जुलै २०१८ पासून केंद्राचा विषाणूजन्य हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं त्यात मोफत मिळतात. सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीला जा आणि "हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे" असं विचारा. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर कदाचित माहीत नसेल. मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला माहीत असतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कार्बामाझेपिन चालू असताना ही औषधं देता येत नाहीत. का ते कुणी फार्मसीवाले सांगतील. पण हे वाचून घरी कार्बामाझेपिन बंद करू नका. एकदम थांबवलं तर फिटचा झटका येऊ शकतो आणि आजार उसळेल तो वेगळाच. तुमच्या डॉक्टरांना सांगा की बदल हवा आहे. "लिव्हरचं आम्ही बघत नाही" असं म्हणाले असतील, पण हे त्यांच्याच चिठ्ठीतलं औषध आहे. ते त्यांनाच बघावं लागेल.

चार, आमच्या शाखेचा कबुलीजबाब. आम्ही पेशंटची साखर तपासतो, वजन करतो. हे विषाणू तपासत नाही. २०१६ साली लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. तीव्र मानसिक आजार असलेल्यांमध्ये आशियात हिपॅटायटिस बीचं प्रमाण जवळपास दहात एक निघालं होतं. तरी वॉर्डात दाखल करताना हा विचार आमच्या मनात येत नाही. रस्त्यावर काढलेले महिने, कुणीही केलेली जबरदस्ती, नशा, जत्रेतलं गोंदण. इतिहास विचारताना आम्ही 'आवाज ऐकू येतात का'वर थांबतो.

आणि पाळण्याबद्दल. सहा वर्षं ज्या घरात दोन वेळा गोळ्या चुकलेल्या नाहीत, त्या घराला "पाळणार नाही" म्हणणारा माणूस स्वतःची बीपीची गोळी किती नियमित घेतो ते मला बघायचंय.

फार्मसीवाला_पांडू | १२ जून, रात्री ९:५०

बोलावणं आलंय म्हणून येतोय.

कार्बामाझेपिन लिव्हरमधल्या औषधं फोडणाऱ्या यंत्रणेला जोर चढवतं. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर ही सीवरची औषधं पोटात गेली की रक्तात पुरेशी टिकतच नाहीत. पेशंट इमानदारीने ८४ गोळ्या गिळतो, विषाणू तसाच, आणि मग सगळे म्हणतात "बघा, वेड्याने घेतल्या नसतील". फिनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन या फिटच्या औषधांचंही तेच. थांबवल्यावर हा जोर ओसरायला दोनेक आठवडे तरी लागतात, म्हणून मध्ये अंतर ठेवतात.

आता गंमत पुढे आहे. हेच कार्बामाझेपिन ओलॅन्झापिनलाही फोडत होतं. ते बंद झालं की आहे त्याच डोसमध्ये ओलॅन्झापिन जास्त चढेल. दादा दिवसभर पेंगायला लागले तर आजार वाढला समजू नका, डॉक्टरांना कळवा.

बदली कुठलं औषध ते डॉक्टर ठरवतील. व्हॅल्प्रोएट लिव्हरच्या रुग्णाला देताना हात आखडतात. लिथियम दिलं तर किडनी, थायरॉइड आणि रक्तातली पातळी बघावी लागते, आणि घरात ब्रुफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखीच्या गोळ्या हाताशी ठेवायच्या नाहीत. त्यांनी लिथियम रक्तात साठतं. पॅरासिटामॉल चालते. कडक उपास, पाणी न पिणं, जुलाब, यातही जपायचं.

एचआयव्हीवाल्यांसाठीही लिहून ठेवतो, कुणीतरी शोधत येईलच. डोल्युटेग्राविर (एचआयव्हीचं औषध) आणि कार्बामाझेपिन एकत्र असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. अँटासिड, कॅल्शियम, लोहाच्या गोळीपासून ते लांब ठेवा. एचआयव्हीच्या रिटोनाविरवाल्या कॉम्बिनेशनमध्ये क्वेटियापिन हे मानसोपचाराचं औषध रक्तात भलतंच वाढतं. मानसोपचाराच्या क्लोझापिनच्या जोडीला एचआयव्हीचं झिडोव्हुडिन नको, दोन्ही पांढऱ्या पेशींवर उठतात.

आई_मी | १३ जून, पहाटे ५:१०

झोप लागत नाही तेव्हा हेच वाचते. माझ्या मुलाला बायपोलर आहे आणि एचआयव्ही. दोन्ही २०१४ पासून. एका मोठ्या मॅनियानंतरच्या (अति उत्साहाच्या झटक्यानंतरच्या) तपासणीत निघालं. कुठून आलं हे मी त्याला विचारलं नाही. दुसऱ्यांनी खूप विचारलं.

तेव्हाच्या एचआयव्हीच्या गोळीत एफाविरेन्झ नावाचं औषध असायचं. रात्री अशी स्वप्नं पडायची की हा उठून घरभर दिवे लावत फिरायचा. आम्हाला वाटायचं आजार उलटला. मानसोपचारवाले त्यांची गोळी वाढवायचे, एआरटीवाले, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारे, म्हणायचे ते त्यांना विचारा. शेवटी एआरटी सेंटरच्या एका ताईंनीच ओळखलं की स्वप्नं गोळीची आहेत. आता डोल्युटेग्राविरवाली एकच गोळी आहे, ती सकाळी देते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. तीन वर्षांपूर्वी त्याला दाखल करावं लागलं. मी एआरटीचं हिरवं पुस्तक बरोबर नेलं नाही. कुणी बघेल, कुणाला कळेल, असं वाटलं. वॉर्डात त्याला मानसिक आजाराच्या गोळ्या मिळत राहिल्या आणि एआरटी एकोणीस दिवस बंद. कुणाची चूक म्हणू? मीच लपवलं होतं. आता पुस्तकाच्या पानांची झेरॉक्स पाकिटात घालून त्याच्या फाइलला टाचलेली असते, वर लिहिलंय 'डॉक्टरांनीच उघडावे'.

बायपोलरचं लिथियम आणि एचआयव्हीचं टेनोफोविर दोन्ही चालू आहेत. दोन्हींचा भार किडनीवर, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी. व्हायरल लोड गेली पाच वर्षं सापडत नाही इतका कमी. मुलगा झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. पाकिटातल्या झेरॉक्स त्यानेच काढल्या.

हिरवं_पान | १३ जून, सकाळी ११:०२

आई_मी, पाकिटाची कल्पना मी उचलते आहे. आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीच्या समुपदेशन-चाचणी केंद्रात) समुपदेशक आहे, अकरा वर्षं.

कृष्णाकाठ, दादांना कुणी नीट सांगितलंय का? तुम्ही आम्हाला सगळं सांगितलंत, पण त्यांना आजाराचं नाव माहीत आहे का, ते धाग्यात कुठे दिसलं नाही. रागावू नका.

आमच्याकडे मानसोपचार विभागातून पेशंट येतो तेव्हा कागदावर 'संमती : नातेवाईक' असं आधीच लिहून येतं. पेशंट शेजारी बसलेला असतो आणि विचारल्यावर छान बोलतो. मी एका बैठकीत एकच गोष्ट सांगते. आज, रक्त का घेतोय. पुढच्या वेळी, रिपोर्ट म्हणजे काय. सकाळी औषधाने गुंगी असेल तर दुपारी बोलावते. ज्याला वाटतं की शेजारी रक्तात विष कालवतात, त्याच्यासमोर "तुमच्या रक्तात विषाणू आहे" हे वाक्य जपून टाकावं लागतं. एका काकांना मी "लिव्हरला जुनी जखम आहे, त्यातला जंतू मारायचाय" असं सांगितलं. खोटं नव्हतं, आणि त्यांना पटलं.

एचआयव्हीची माहिती हवी असेल त्यांना १०९७, आणि मानसिक आजारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट.

वकिलीण | १३ जून, सायंकाळी ६:४०

स्पष्टवक्ता यांच्या प्रतिसादाला कायद्याने उत्तर देते, बाकीचं इतरांनी दिलंच आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवा देताना शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागवायचं. "मनोरुग्ण आहे म्हणून लिव्हरचं औषध नको" हे त्यात बसत नाही. कलम ४ मधली क्षमतेची कसोटी मानसोपचाराच्या निर्णयांसाठी आहे, पण तिचं तत्त्व सगळीकडे लक्षात ठेवण्यासारखं आहे: निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावर क्षमता नाही असं ठरत नाही. कलम १४ खाली दादा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे गरज पडली तर आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस, ठरवू शकतात. साध्या कागदावर होतं. आई ७०च्या पुढे असतील तर आत्ताच करून ठेवा.

एचआयव्हीचा वेगळा कायदा आहे, तोही २०१७चाच, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, स्थिती उघड करायची नाही. आता एक कोडं. तुमच्या दादांची दाढेसाठी एचआयव्ही चाचणी झाली, तेव्हा त्यांची सही घेतली होती का? उत्तर इथे देऊ नका, स्वतःलाच विचारा. हिपॅटायटिसला असा स्वतंत्र कायदा नाही, ही मोठी उणीव आहे असं माझं मत.

स्पष्टवक्ता | १३ जून, रात्री ८:१२

कायदा कागदावर असतो. बाकी औषध फुकट आहे हे मला माहीत नव्हतं. तेवढा शब्द मागे.

नाईट_ड्युटी | १४ जून, पहाटे ३:३५

रात्रपाळीत आहे, वॉर्ड शांत आहे.

मेंटल हॉस्पिटलला ठेवा म्हणणाऱ्यांसाठी. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. यांतल्या एकात मी काम केलंय, कुठल्या ते सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात दाढीचा दिवस असायचा. ओळीने बसवायचे आणि ब्लेड बोथट होईपर्यंत तेच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, माणसं कमी आणि दाढ्या जास्त. एका सिस्टरने भांडून दर माणशी अर्धं ब्लेड सुरू करून घेतलं. रिपोर्ट कुणाचे काय आहेत हे विचारत बसण्यापेक्षा प्रत्येकाचं रक्त पॉझिटिव्हच आहे असं धरून वागायचं, हे तिने शिकवलं.

वॉर्डात काम करताना सुई टोचली तर पिळायचं नाही, चोखायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांकडे पळायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवं, २८ दिवस. सीला तसं औषध नाही, नुसतं तपासत राहायचं. मला एकदा टोचलंय. सहा महिने कुणाशी धड बोलले नाही.

कृष्णाकाठ, दादांना बीची लस द्या. शून्य, एक आणि सहा महिने. तुमच्या वयाच्या कुणालाच लहानपणी ती मिळालेली नाही. तुम्हीही घ्या, आईलाही.

कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जमलं नाही. आरएनए पॉझिटिव्ह आला. सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) ठीक, सिरॉसिस नाही, म्हणजे लिव्हर निकामी व्हायला लागलेलं नाही.

हिरवं_पान यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस राग आला होता. मग दादाला सांगितलं. तो म्हणाला, "चिमे, मला माहीत होतं काहीतरी आहे. आईने ताट बदललं तेव्हाच." मग पहिल्यांदा गोंदणाबद्दल बोलला. कुठल्याशा जत्रेत एक माणूस मशीनने फुकट काढून देत होता, ओळीत दहाबारा जण होते. बाकी काही नाही, एवढंच. तेवढंही बारा वर्षांत पहिल्यांदा.

मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढे औषधांच्या आंतरक्रियेचा, म्हणजे एक औषध दुसऱ्याला कसं मारतं त्याचा, कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." कार्बामाझेपिन हळूहळू कमी, लिथियम सुरू.

कृष्णाकाठ | २८ ऑगस्ट, दुपारी ४:००

पांडूदादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. तिसऱ्या आठवड्यात दादा पूजा करता करता झोपला, हातात निरांजन. आई घाबरली. ओलॅन्झापिन कमी केलं, चार दिवसांत जागेवर आला. मधे आठवडाभर चिडचिड, रात्री येरझाऱ्या. मी रजा काढून माहेरी राहिले. लिथियमची पातळी आता ठीक.

मनकवडा | २८ ऑगस्ट, रात्री १०:३०

हा मधला काळच सगळ्यात अवघड असतो आणि कुठल्याही माहितीपत्रकात तो नसतो. आता घाई नको, आणखी दोन आठवडे स्थिर राहू द्या.

कृष्णाकाठ | १६ डिसेंबर, रात्री ८:२०

१५ सप्टेंबरला पहिली गोळी. दर २८ दिवसांनी सिव्हिलला जाऊन बाटली आणायची. दादाने घेतलेल्या गोळ्यांचा हिशोब कालनिर्णयच्या मागच्या बाजूला ठेवला, देवाला फुलं वाहून झाली की एक रेघ. नवरात्रात नऊ दिवस उपास धरतो म्हणाला, लिथियममुळे मी नाही म्हटलं, तो ऐकेना. शेवटी आईनेच तोड काढली: पाणी, ताक, मीठ सगळं चालेल, फक्त भात-पोळी नाही. दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत एक दिवस चुकला. तो त्यानेच दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितला, रेघ नाही म्हणून. ८ डिसेंबरला ८४ व्या गोळीची रेघ पडली.

आता बारा आठवडे थांबायचं आणि परत आरएनए.

आई_मी | १७ डिसेंबर, पहाटे ५:०२

रेघांचा फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ | ११ मार्च, सायंकाळी ७:४५

आरएनए : आढळला नाही.

रिपोर्ट घेऊन त्याच दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी दाढेसाठी परत सगळं रक्त तपासायला लावलं आणि फोन केला, "एचसीव्ही अजून पॉझिटिव्हच येतोय हो." माझ्या पायाखालची जमीन सरकली, मग मनकवडांचा पहिला मुद्दा आठवला. अँटीबॉडी. ती आयुष्यभर राहणार. आरएनएचा कागद टेबलावर ठेवून मीच त्यांना समजावलं. दादा शेजारी बसून म्हणाला, "जंतू मेलाय, त्याची पाटी तेवढी राहिलीय."

दाढ काल निघाली. चिठ्ठीवर ब्रुफेन होती. दुकानात पैसे द्यायच्या आधी दादानेच ती परत केली आणि पॅरासिटामॉल मागितली.